न्यू जर्सीचं आर अँड डी क्रेडिट: तोट्यातल्या कंपनीनं ते कसं मागावं आणि कसं विकावं

आर अँड डी क्रेडिट म्हणजे संशोधन-विकासाच्या खर्चावर टॅक्समध्ये मिळणारी सूट. त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसनजवळ चार वर्षांची एक सी-कॉर्पोरेशन (स्वतःच्या नावानं टॅक्स भरणारी कंपनी) आहे. औषधांच्या फ्रिजमधलं तापमान नोंदवणारं यंत्र आणि त्याचं सॉफ्टवेअर ती स्वतःच बनवून विकते. न्यू जर्सीत ११ माणसं, पुण्याच्या उपकंपनीत ९ इंजिनिअर, घरून काम करणारा एक जण ऑस्टिनला आणि एक फिलाडेल्फियाला. वर्षाची सरासरी उलाढाल २० लाख डॉलर, गेली दोन वर्षं तोटा. सीपीए (कंपनीचा अकाउंटंट) म्हणतो, ‘फेडरल क्रेडिट घेतलंय, राज्याचं त्यातच आलं.’ हे खरं का? पुण्याचे पगार धरता येतात का? आणि टॅक्सच भरायचा नसेल तर राज्याचं क्रेडिट घेऊन करायचं काय?

राज्याचं क्रेडिट फेडरलमध्ये येत नाही. त्याचा फॉर्म वेगळा, आकडा वेगळा आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. पुण्याचे पगार फेडरलमध्येही धरता येत नाहीत आणि राज्यातही नाहीत. टॅक्स नसला तरी न्यू जर्सीत मात्र हे क्रेडिट दुसऱ्या कंपनीला विकून रोख पैसे करता येतात. ही सोय फार थोड्या राज्यांत आहे आणि तोट्यातल्या कंपनीला खरा फायदा तिथेच आहे.

आधी एक फरक. वजावट उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट टॅक्समधून. १०० डॉलरच्या वजावटीनं ९ टक्के दरानं ९ डॉलर वाचतात, १०० डॉलरच्या क्रेडिटनं पूर्ण १००. म्हणूनच क्रेडिटच्या प्रत्येक डॉलरचा पुरावा मागितला जातो.

पाया फेडरलचाच

फेडरल संशोधन क्रेडिट १९८१ पासून आहे. २०१५ च्या कायद्यानं ते कायमचं झालं. बहुतेक राज्यांनी ‘संशोधन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या फेडरल कायद्याच्या कलम ४१ मधून उचलली आहे, न्यू जर्सीनंही. त्यामुळे फेडरल कसोटीत काम टिकलं नाही, तर राज्यातही टिकत नाही.

कसोटी चार पदरी आहे. काम एखाद्या नव्या किंवा सुधारित उत्पादनासाठी, प्रक्रियेसाठी किंवा सॉफ्टवेअरसाठी हवं, आणि सुधारणा कामगिरीत, विश्वासार्हतेत किंवा दर्जात हवी, नुसत्या रंगरूपात नाही. ते भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्रावर आधारलेलं हवं. सुरुवातीला अनिश्चितता हवी: हे जमेल का, कोणत्या पद्धतीनं जमेल, योग्य रचना कोणती. आणि ती दूर करायला पर्याय मांडून, तपासून, बाद करून पुढे गेलेली प्रयोगप्रक्रिया हवी. त्या उत्पादनाच्या संशोधनकामांपैकी किमान ८० टक्के कामं या प्रयोगप्रक्रियेचा भाग असावी लागतात.

तुमच्या धंद्यात याचा अर्थ काय? उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये बॅटरी तीन आठवड्यांत बसते, ती सहा महिने चालावी म्हणून तीन वेगवेगळे सेल आणि फर्मवेअरच्या (यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) दोन रचना तपासल्या, तर ते संशोधन आहे. धातूच्या दारातून सिग्नल बाहेर येत नाही म्हणून अँटेनाची जागा आणि वारंवारता बदलून मोजमापं घेतली, तेही आहे. ग्राहकाच्या मागणीवरून डॅशबोर्डचा रंग बदलला, अहवाल स्पॅनिशमध्ये केला, एका गिऱ्हाइकासाठी जुनंच यंत्र थोडं बदलून बसवलं, तर ते नाही. बाजारपाहणी, नेहमीची दर्जातपासणी आणि उत्पादन बाजारात आल्यानंतरची दुरुस्तीही नाही. प्रयोग फसला तरी खर्च पात्र राहतो. किंबहुना फसलेल्या प्रयोगाची नोंद हा अनिश्चिततेचा सगळ्यांत चांगला पुरावा.

न्यू जर्सीत मराठी माणसांच्या आयटी कन्सल्टिंग कंपन्या पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ताशी दरानं माणसं पुरवण्याच्या करारावर केलेलं संशोधन हे ‘दुसऱ्याच्या पैशानं केलेलं’ ठरतं. काम जमलं नाही तरी तासांचे पैसे मिळणारच असतील, तर धोका ग्राहकाचा आणि क्रेडिटही असलंच तर ग्राहकाचं. ठरलेल्या रकमेचा करार असेल, पैसे काम यशस्वी झाल्यावरच मिळणार असतील आणि निर्मितीवर तुमचेही ठोस हक्क राहणार असतील, तरच ते तुमचं. १९९५ चा फेअरचाइल्ड इंडस्ट्रीज आणि २००० चा लॉकहीड मार्टिन हे दोन निकाल यासाठी आजही वाचले जातात. तुम्ही स्वतःचं यंत्र विकता, त्यामुळे मूळ उत्पादन सुरक्षित आहे. पण एखाद्या हॉस्पिटलसाठी ताशी दरानं खास जोडणी करून दिली असेल, तर ते तास आधी बाजूला काढा.

कोणता खर्च, आणि कुठे झालेला

पात्र खर्चाचे प्रकार मोजकेच: पगार, वापरून संपणारं साहित्य, बाहेरच्यांना दिलेलं संशोधनाचं काम आणि संशोधनासाठी भाड्यानं घेतलेला संगणक, म्हणजे आजच्या भाषेत क्लाउड. भाडं, विमा, वीज, प्रवास, पेटंटची वकिली फी यांतलं काहीच नाही.

पगार म्हणजे डब्ल्यू-२ च्या (कर्मचाऱ्याच्या वार्षिक पगारपत्रकाच्या) पहिल्या चौकटीतली रक्कम. फोर-ओ-वन-के या निवृत्तीच्या बचतखात्यात वळवलेले पैसे त्यात नसतात, आरोग्यविम्यातला कंपनीचा हिस्साही नसतो. बोनस असतो. प्रत्यक्ष प्रयोग करणारा, त्याच्यावर थेट देखरेख करणारा आणि त्याला थेट मदत करणारा (उदाहरणार्थ नमुन्याचा भाग कापून देणारा तंत्रज्ञ) या तिघांचाही वेळ धरता येतो. कुणाचा ८० टक्के किंवा जास्त वेळ पात्र कामात गेला, तर त्याचा पूर्ण पगार धरायचा. त्याखाली असेल तर तेवढाच हिस्सा. संस्थापकाच्या पगाराला हात घालताना जपून. ‘सगळे निर्णय मीच घेतो’ हे देखरेखीचं प्रमाण होत नाही. २०२३ च्या मूर विरुद्ध कमिशनर या टॅक्स कोर्टाच्या निकालात मुख्य परिचालन अधिकाऱ्याचा (सीओओचा) पगार नेमका एवढ्याचसाठी गेला: थेट देखरेखीचे तास दाखवणारी नोंदच नव्हती.

साहित्यात सर्किट बोर्ड, सेन्सर, बॅटऱ्या, कोरडा बर्फ, साच्याचं प्लास्टिक येतं. ऑसिलोस्कोप आणि लॅपटॉप येत नाहीत, कारण त्यांच्यावर घसारा लागतो. बाहेरच्या प्रयोगशाळेला किंवा फ्रीलान्सरला दिलेल्या रकमेचा ६५ टक्केच भाग धरतात, आणि त्यातही दोन अटी: यश येवो न येवो पैसे देणं भाग असावं आणि निष्कर्ष वापरण्याचा हक्क तुमच्याकडे असावा. क्लाउडच्या बिलातून फक्त विकासाचे आणि चाचणीचे सर्व्हर घ्या. ग्राहक ज्यावर चालतात तो सर्व्हर संशोधन नव्हे. खात्यात पहिल्या दिवसापासून दोन वेगळे प्रोजेक्ट ठेवले, तर वर्षअखेर बिल फोडत बसावं लागत नाही.

आता जागेचा प्रश्न. अमेरिकेबाहेर केलेलं संशोधन कलम ४१ मधून पूर्ण वगळलेलं आहे. पैसे अमेरिकन कंपनीनं दिले, मालकी अमेरिकन कंपनीची, कल्पनाही तिथलीच, तरीही प्रयोग बाणेरमध्ये झाला तर क्रेडिट शून्य. उलट एक भार येतो: परदेशातला संशोधन खर्च कलम १७४ नुसार १५ वर्षांत विभागूनच वजा करावा लागतो. २०२५ च्या कायद्यानं देशांतर्गत संशोधनाचा खर्च त्याच वर्षी वजा करण्याची मुभा परत आली, परदेशातल्या खर्चाला ती मिळाली नाही. म्हणजे पुण्याच्या ९ इंजिनिअरांचं बिल रोखीनं पूर्ण गेलं तरी टॅक्सच्या हिशोबात यंदा त्याचा छोटासा तुकडाच दिसतो. कमी खर्चाची टीम म्हणून मांडलेलं गणित यामुळे कधी कधी उलटं फिरतं.

राज्याच्या फॉर्मवर हीच रेघ आणखी आत सरकते: काम न्यू जर्सीत झालेलं हवं. ऑस्टिनचा इंजिनिअर फेडरलमध्ये धरला जाईल, न्यू जर्सीत नाही. फिलाडेल्फियातलाही नाही. आणि इथे डब्ल्यू-२ वर आंधळा विश्वास ठेवू नका. पगारावरचा टॅक्स कोणत्या राज्यात कापला गेला आणि काम कुठे झालं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. न्यूयॉर्कच्या ऑफिसला नेमलेला माणूस घरून न्यू जर्सीत काम करत असला, तरी न्यूयॉर्कच्या नियमामुळे त्याचा पगार तिथला दिसतो. संशोधनासाठी खुर्ची कुठे होती ते बघतात. नेमणूकपत्रात कामाची जागा लिहा आणि संकरित पद्धतीनं काम करणाऱ्यांचे दिवस मोजा.

सगळ्यांत मोठी गल्लत इथे होते: फेडरल क्रेडिटच्या फॉर्म ६७६५ वरचा एकूण आकडा उचलून राज्याच्या फॉर्मवर तसाच उतरवला जातो. ११ माणसांच्या कंपनीत ही चूक तपासनिसाला पेरोलची यादी बघून पाच मिनिटांत सापडते.

आकडेमोड

समजा, न्यू जर्सीत चार इंजिनिअर आहेत, प्रत्येकाचा पगार १ लाख ३० हजार डॉलर आणि प्रत्येकाचा ८५ टक्के वेळ पात्र कामात. ८० टक्क्यांच्या नियमानं पूर्ण ५ लाख २० हजार. तांत्रिक संस्थापकाचा पगार १ लाख ५० हजार, नोंदींवरून ४० टक्के, म्हणजे ६० हजार. साहित्य २२ हजार. न्यू जर्सीतल्या चाचणी प्रयोगशाळेला ४० हजार, त्याचे ६५ टक्के म्हणजे २६ हजार. बेरीज ६ लाख २८ हजार. क्लाउडचे १२ हजार फेडरलमध्ये घ्या. सर्व्हर व्हर्जिनियात असेल तर न्यू जर्सीच्या आकड्यात मी ते घालणार नाही. त्यातून वाढणाऱ्या सहाशे डॉलरच्या क्रेडिटसाठी सगळा दावा उघडून बघायला लावण्यात शहाणपण नाही.

क्रेडिट संपूर्ण खर्चावर नसतं, पायाभूत रकमेच्या वर जितका खर्च असेल तितक्यावर असतं. नेहमीच्या पद्धतीत पायाभूत रक्कम म्हणजे मागच्या चार वर्षांची सरासरी उलाढाल गुणिले एक ठरावीक टक्केवारी. नव्या कंपनीला पहिली पाच वर्षं ही टक्केवारी ३ असते. २० लाखांचे ३ टक्के ६० हजार. पण पायाभूत रक्कम चालू वर्षाच्या पात्र खर्चाच्या निम्म्यापेक्षा खाली जाऊच शकत नाही. म्हणून ती ३ लाख १४ हजार. उरलेल्या ३ लाख १४ हजारांवर न्यू जर्सीचा दर १० टक्के: ३१ हजार ४०० डॉलर.

फेडरलमध्ये याच पद्धतीचा दर २० टक्के आहे. दुसरी, सोपी पर्यायी पद्धत तिथे आहे: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी पात्र खर्चाच्या निम्म्यावर जेवढा खर्च जाईल, त्याच्या १४ टक्के. त्या तीनपैकी एखाद्या वर्षी पात्र खर्चच नसेल, तर चालू खर्चाच्या सरळ ६ टक्के. जुन्या कंपन्यांना ही पद्धत सोयीची वाटते कारण उलाढालीचा इतिहास उकरावा लागत नाही. नव्या कंपनीला नेहमीची पद्धत बहुधा जास्त देते. फेडरल रिटर्नवर कोणती पद्धत निवडली याचा परिणाम न्यू जर्सीच्या हिशोबावरही होतो, म्हणून दोन्ही पद्धतींनी, दोन्ही पातळ्यांवर आकडे काढून मगच निवड करा. फेडरलपुरतं बघून घाईनं खूण केली की राज्यातलं नुकसान पुढल्या वर्षी लक्षात येतं.

हिशोबातला एक नियम हमखास विसरतो: चालू वर्षी जो खर्च पात्र धरला, तोच प्रकार आधीच्या वर्षांतही धरायला हवा. यंदा चाचणी तंत्रज्ञांचे पगार घेतले आणि तुलनेच्या वर्षांत घेतले नाहीत, तर वाढ खोटी दिसते.

फेडरल क्रेडिटचं तोट्यात काय, तेही इथेच सांगतो. वर्षाची उलाढाल ५० लाख डॉलरच्या आत असेल आणि उलाढाल सुरू होऊन पाचाहून अधिक वर्षं झाली नसतील, तर ते पेरोल टॅक्सच्या (पगारांवर भराव्या लागणाऱ्या टॅक्सच्या) कंपनीच्या हिश्शातून वळतं करून घेता येतं. २०२३ पासून वर्षाला ५ लाख डॉलरपर्यंत. ही निवड मुदतीत भरलेल्या मूळ रिटर्नवरच करता येते, सुधारित रिटर्नवर नाही. सीपीएनं ती केली आहे का, आजच विचारा. मग फॉर्म ८९७४ पेरोलच्या तिमाही रिटर्नसोबत जातो. न्यू जर्सीत असं पेरोलमधून वळतं होत नाही.

न्यू जर्सीचा फॉर्म आणि त्याची एक गंमत

राज्यासाठी फॉर्म ३०६ भरून कॉर्पोरेशन बिझनेस टॅक्सच्या रिटर्नला जोडायचा. तो जोडला नाही तर नुसता आकडा लिहून उपयोग नाही. क्रेडिटनं टॅक्स कितीही कमी होवो, किमान टॅक्स भरावाच लागतो. तुमच्या उलाढालीच्या सी-कॉर्पला तो २ हजार डॉलर आहे. उरलेलं क्रेडिट ७ वर्षं पुढे नेता येतं. प्रगत संगणन, प्रगत पदार्थ, जैवतंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक उपकरणं, पर्यावरण तंत्रज्ञान आणि वैद्यकीय उपकरणं या क्षेत्रांत १५ वर्षं. तुमचं यंत्र इलेक्ट्रॉनिक उपकरणांत बसेल असं दिसतं. त्याचं कारण दोन परिच्छेदांत लिहून फाईलला लावा, कारण आठव्या वर्षी हा प्रश्न विचारला जाईल तेव्हा आजची माणसं कंपनीत असतीलच असं नाही.

गंमत अशी. २०२२ ते २०२४ या वर्षांत फेडरल नियमानं देशांतर्गत संशोधनाचा खर्चही पाच वर्षांत पसरवावा लागत होता. न्यू जर्सीनं २०२३ मध्ये कायदा करून मुभा दिली: ज्या संशोधन खर्चावर राज्याचं क्रेडिट मागितलं आहे, तो खर्च राज्याच्या हिशोबात त्याच वर्षी पूर्ण वजा करा, २०२२ पासून. म्हणजे जिनं क्रेडिट मागितलंच नाही, त्या कंपनीची वजावटही लांबली. तुमची ती तीन वर्षं फॉर्म ३०६ शिवाय गेली असतील, तर हरवलेली गोष्ट एक नाही, दोन आहेत: क्रेडिट, आणि राज्याच्या पातळीवर दिसू शकला असता असा मोठा तोटा. हा तोटा विकाऊ माल आहे.

विक्री

न्यू जर्सी इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ऑथॉरिटी तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान कंपन्यांसाठी एक कार्यक्रम चालवते. न वापरलेला तोटा आणि न वापरलेलं आर अँड डी क्रेडिट नफ्यातल्या कंपनीला विकायचं, किमान किंमत मूल्याच्या ८० टक्के. राज्यभराची वार्षिक मर्यादा ७ कोटी ५० लाख डॉलर, एका कंपनीला आयुष्यभरात २ कोटी. अर्जाची अखेरची तारीख ३० जून.

तुमच्या आकड्यांत ३१ हजार ४०० च्या क्रेडिटचे ८० टक्क्यांनी २५ हजार १२० होतात. पण खरा ऐवज तोट्यात असतो. समजा, न्यू जर्सीच्या वाट्याचा तोटा ८ लाख डॉलर. ९ टक्के दरानं त्याचं मूल्य ७२ हजार, ८० टक्क्यांनी ५७ हजार ६००. दोन्ही मिळून ८२ हजार ७२०. कर्ज नाही, भागभांडवल द्यावं लागत नाही.

अटी मात्र नीट वाचा. अमेरिकेत २२५ पेक्षा कमी कर्मचारी हवेत. तुम्हाला ही अडचण नाही, पुण्याचे मोजत नाहीत. गेल्या दोन वर्षांपैकी एकाही वर्षी धंद्यातला निव्वळ परिचालन नफा नसावा. न्यू जर्सीत पूर्णवेळ कर्मचाऱ्यांची किमान संख्या कंपनीच्या वयावर ठरते: तीन वर्षांच्या आत १, तीन ते पाच वर्षं ५, पाच वर्षं पूर्ण झाली की १०. तुम्ही आज ५ च्या टप्प्यात आहात. एक वर्ष थांबलात तर १० लागतील, आणि ११ पैकी दोघे अर्धवेळ निघाले की अर्ज तिथेच संपला. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ३५ तास आणि कंपनीच्या आरोग्यविम्याची सोय. १०९९ वरचे फ्रीलान्सर यात नाहीत.

हिशोबपत्रकं स्वतंत्र सीपीएनं तयार केलेली, निदान संकलित दर्जाची लागतात. क्विकबुक्समधून छापलेली चालत नाहीत. हे काम एप्रिलमध्ये सांगितलं तरच जूनमध्ये हातात येतं. आणि संरक्षित बौद्धिक संपदा हवी: पेटंट, पेटंटचा दाखल केलेला अर्ज, नोंदणीकृत कॉपीराइट किंवा त्यांचा परवाना.

ही शेवटची अट पुण्यामुळे अडू शकते. फर्मवेअरचा मोठा भाग पुण्यात लिहिला गेला असेल आणि उपकंपनीनं हक्क लेखी मूळ कंपनीकडे सोपवले नसतील, तर ‘मालक कोण’ याचं उत्तर कागदावर नसतं. आधी प्रत्येक कर्मचाऱ्याकडून उपकंपनीला आणि मग उपकंपनीकडून मूळ कंपनीला, असे दोन टप्प्यांचे हस्तांतर करार अर्जाआधी करून घ्या. भारतीय कॉपीराइट कायद्यात हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकन वकिलाच्या साच्यात हे दोन शब्द बहुधा नसतात. कर्मचाऱ्यानं नोकरीत केलेल्या कामाचा मालक एरवी कंपनीच असते हे खरं, पण उपकंपनी आणि मूळ कंपनी यांच्यात तो आधार चालत नाही.

मिळालेला पैसा न्यू जर्सीतल्या कामकाजावरच खर्च करायचा असतो, आणि राज्य सोडून गेलात तर परतफेडीचा विषय निघतो. पुढच्या वर्षी ऑस्टिनला हलायचा विचार असेल, तर आधी तो मिटवा.

पुरावा

दावे नाकारले जातात ते बहुतेक वेळा संशोधन नव्हतं म्हणून नाही, दाखवता आलं नाही म्हणून. २०१९ च्या सीमर मिलिंग निकालात पिठाच्या गिरणीनं केलेल्या कामात प्रयोगप्रक्रिया होती हे नोंदींवरून सिद्धच झालं नाही आणि दावा गेला. २०२३ मध्ये लिट्ल सँडी कोल खटल्यात अपील न्यायालयानं ८० टक्क्यांच्या कसोटीवर बोट ठेवलं: नमुना नवा आहे एवढं पुरत नाही, कुणाचे किती तास प्रयोगात गेले आणि किती नुसत्या बांधणीत, हे प्रयोगाचे तास आणि एकूण तास, दोन्ही मांडून दाखवा. संपूर्ण यंत्राला ८० टक्के जमत नसतील तर खाली या. अँटेना किंवा बॅटरीचा भाग घेऊन तिथे कसोटी लावा. नियमात याची मुभा आहे.

वेगळी टाइमशीट कायद्यानं सक्तीची नाही. पण आठवड्याला दहा मिनिटांत भरता येईल असा साधा तक्ता ठेवा: कोण, कोणता भाग, किती तास, कोणत्या राज्यात. जिराच्या (कामांची यादी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) तिकिटांवर एक खूण ठेवा, ‘अनिश्चितता’ आणि ‘नेहमीचं’ अशी. गिटमधल्या (कोडमधले बदल टिपणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) नोंदी, चाचणीचे लॉग, बाद केलेल्या बोर्डांचे तारीखवार फोटो, डिझाइनच्या बैठकांची टिपणं हे सगळं त्या त्या वेळी तयार झालेलं असतं, म्हणून वजनदार. वर्ष संपल्यावर तीन वर्षांचे तास एका दुपारी आठवून लिहिलेला तक्ता कुणालाही ओळखू येतो.

पुण्याची आणि एडिसनची माणसं एकाच तिकिटावर असतात, तिथे विशेष लक्ष द्या. तिकीट एडिसनच्या नावावर आणि कोड पुण्यातून चढवलेला, असं शेकड्यानं दिसलं तर तपासनीस एडिसनच्या इंजिनिअरांच्या ८५ टक्क्यांवरच शंका घेतो. त्यांचं काम पुण्याच्या टीमशी समन्वय साधणं असेल, तर प्रामाणिक टक्केवारी ८० च्या खाली येईल आणि पूर्ण पगाराचा नियम सुटेल. ६५ टक्के आले तर ५ लाख २० हजारांचे ३ लाख ३८ हजार होतात. आकडा पडतो, पण टिकतो.

क्रेडिट १५ वर्षं पुढे नेणार असाल तर कागदही तितकी वर्षं ठेवा, आणि वापरल्यानंतर पुढची तपासणीची मुदत संपेपर्यंत. फॉर्म ६७६५ वर प्रत्येक उत्पादनभागाची वेगळी माहिती देणारा नवा विभाग २०२६ पासून सक्तीचा होतो आहे. पेरोलमधून वळतं करणाऱ्या छोट्या कंपन्यांना त्यातून सूट आहे, पण पेरोलची पाच वर्षं संपली की त्या सुटेचा आधार बदलतो.

टक्केवारीवर काम करणारे क्रेडिट सल्लागार फोन करतील. आकडा जितका फुगेल तितकी त्यांची फी फुगते, आणि तपासणी येते तेव्हा समोर तुम्ही असता. ठरलेली फी आणि तपासणीत सोबत राहण्याची लेखी हमी मिळत असेल तरच बोला.

ऑस्टिन आणि फिलाडेल्फिया

टेक्ससमध्ये २०२६ पासून क्रेडिटचा दर ८.७२२ टक्के झाला आहे, मागच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या निम्म्यावरच्या खर्चावर, आणि ते २० वर्षं पुढे नेता येतं. पण तुमच्या २० लाखांच्या उलाढालीवर तिथला फ्रँचाइझ टॅक्सच (कंपन्यांवरचा राज्याचा टॅक्स) लागत नाही. टॅक्स नसताना एका इंजिनिअरसाठी तिथून काही मिळतं का ते सीपीएला विचारा, आणि त्याचा खर्च वेगळा लिहीत जा.

पेनसिल्व्हेनियात रिटर्नसोबत नुसता फॉर्म जोडून चालत नाही. राज्याच्या ऑनलाइन खात्यातून १ डिसेंबरच्या आत अर्ज करायचा, निर्णय पुढच्या १ मेपर्यंत कळतो. एकूण रक्कम ६ कोटी डॉलर, त्यातली १ कोटी २० लाख छोट्या कंपन्यांसाठी राखीव, आणि मागणी जास्त झाली की सगळ्यांनाच प्रमाणात कमी. छोट्या कंपनीला वाढीव खर्चावर २० टक्के. फिलाडेल्फियाच्या टेस्टरचा पगार ९५ हजार आणि पात्र वेळ ६० टक्के असेल तर खर्च ५७ हजार, किमान पाया २८ हजार ५००, क्रेडिट जास्तीत जास्त ५ हजार ७००, कापाकापी होण्याआधी. मागच्या एखाद्या वर्षीही त्या राज्यात संशोधन खर्च झालेला असावा लागतो. अर्जाचं काम सीपीए दोन हजारांत करून देणार असेल तर करा. फक्त त्याआधी एक खात्री करून घ्या: त्या एका माणसामुळे पेनसिल्व्हेनियात कॉर्पोरेट रिटर्न भरणं लागू झालेलं असतं. ते आजवर भरलंच नसेल, तर क्रेडिटच्या अर्जाआधी जुनी रिटर्न निस्तरावी लागतील.